सुपरहिरोंची टीम जमवताय? या चुका टाळा

महिन्याला दोन-तीन तरी पिच, म्हणजे सिनेमांचे लेखी प्रस्ताव, माझ्याकडे वाचायला येतात. पहिलं पान उघडलं की बहुतेकांत तोच तक्ता असतो. डावीकडे सहा हिरोंची नावं, वरच्या ओळीत वर्षं आणि उजव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'महासंगम'. मी विचारतो, "पहिल्या सिनेमाची गोष्ट काय आहे?" उत्तर येतं, "ती होईल सर, आधी युनिव्हर्स तर ऐका." युनिव्हर्स म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या सिनेमांचं सामाईक विश्व. लिहिणारी मुलं हुशार असतात, मेहनतीही असतात. पण ज्या चुकांनी हॉलिवुडमधल्या मोठमोठ्या स्टुडिओंच्या मालिका बुडाल्या, त्याच चुका ती पुन्हा करताना दिसतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पायाआधी कळस

'आयर्न मॅन', 'अ‍ॅव्हेंजर्स' काढणाऱ्या मार्व्हलने सगळं आधीपासून ठरवून केलं, असा एक समज आहे. त्यांचा इरादा पक्का होता हे खरं. 2005 मध्ये पात्रांचे हक्क तारण ठेवून त्यांनी 525 दशलक्ष डॉलरच्या कर्जाची सोय केली होती. पण 2008 चा 'आयर्न मॅन' पाहा. एक शस्त्रांचा व्यापारी स्वतःच्याच कंपनीच्या बॉम्बने जखमी होतो, गुहेत अडकतो, जगून बाहेर येतो आणि धंदा बंद करतो. त्याची गोष्ट त्याच सिनेमात पुरी होते. हिरोंची टीम जमवणारा निक फ्युरी येतो तो श्रेयनामावली संपल्यावर, मिनिटभरही नाही. सिनेमा पडला असता, तर तो मिनिट कोणाच्या लक्षातही राहिला नसता. त्या तुकड्यापायी मूळ गोष्टीतला एकही प्रसंग कापला गेला नव्हता.

आता दुसरी बाजू बघा. सुपरमॅन-बॅटमॅनवाल्या वॉर्नर ब्रदर्सने ऑक्टोबर 2014 मध्ये 2020 पर्यंतच्या दहा सिनेमांची यादी जाहीर केली. त्यातला 'सायबॉर्ग' आलाच नाही आणि 2018 साठी ठरलेला 'द फ्लॅश' 2023 मध्ये आला. युनिव्हर्सलने तर मे 2017 मध्ये आपल्या राक्षस-भुतांच्या 'डार्क युनिव्हर्स'साठी टॉम क्रूझ, जॉनी डेप, रसेल क्रो, हावियेर बार्डेम आणि सोफिया बुटेला यांचा एकत्र फोटोही प्रसिद्ध केला. जूनमध्ये 'द ममी' आला, पडला आणि ते विश्व तिथेच संपलं. ज्यांना फोटोत उभं केलं होतं, त्यातल्या दोघांचे सिनेमे कधी बनलेच नाहीत.

माझी सवय साधी आहे. पिच हातात आली की मी तक्त्याचं पान फाडून बाजूला ठेवतो आणि विचारतो, "उद्या निर्माता म्हणाला एकच सिनेमा बनेल, तर कोणता बनवाल? आणि तो पाहून माणूस समाधानाने घरी जाईल का?" याचं उत्तर नसेल तर पुढचं मी ऐकत नाही. काहींना राग येतो. येऊ दे.

आपल्याकडे 'मुंज्या' याच कसोटीला उतरतो. आदित्य सरपोतदारांनी 2024 मध्ये कोकणातलं पिंपळावरचं भूत घेऊन सिनेमा केला. त्याच विश्वातला आधीचा 'स्त्री' किंवा 'भेडिया' पाहिला नसला तरी काही अडत नाही. जोडणी येते ती गोष्ट संपल्यानंतर.

उधारीवरचा टॅग सीन

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण ती मी स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका कंपनीत आम्ही पाच लेखक तीन सिनेमांच्या मालिकेवर काम करत होतो. नायक तिघे. चंद्रपूरकडचा एक लाइनमन, ज्याच्या अंगात वीज साठते. मालवणची एक मुलगी, जी तासन्‌तास पाण्याखाली राहू शकते. आणि कुस्ती सोडलेला कोल्हापूरचा एक पैलवान. पहिला सिनेमा लाइनमनचा. स्क्रिप्ट मनापासून जमली होती. त्याचा बाप विजेच्या खांबावर गेलेला, म्हणून आई त्याला खांबावर चढू देत नाही. शेवटी गाव वाचवायला तो सगळ्या गावाची वीज अंगावर घेतो, गाव अंधारात जातं आणि आई दारात कंदील घेऊन उभी राहते. त्या कंदिलावर सिनेमा संपत होता.

नॅरेशनला, म्हणजे स्क्रिप्ट वाचून दाखवली तेव्हा, पैसे लावणारे म्हणाले, "सगळं छान आहे, पण शेवटी पुढच्याचा हुक पाहिजे." आम्ही एका रात्रीत टॅग सीन, म्हणजे शेवटी जोडायचा छोटा तुकडा, लिहिला. लाइनमन घरी येतो, उंबऱ्यावर एक छोटी पितळी पेटी. तो ती उघडतो, चेहऱ्यावर निळा उजेड पडतो. तो एकच शब्द बोलतो, "परत?" आणि पडदा काळा होतो. खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगावर काटा आला. पेटीत काय आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. पुढच्या ड्राफ्टला बघू, असं ठरलं.

सीन शूट झाला. कच्चं एडिट साठ-सत्तर लोकांना दाखवलं आणि नंतर जी चर्चा झाली ती फक्त पेटीची. आईबद्दल एकानेही विचारलं नाही. कंदिलावर घरी जायचं सोडून लोक पेटी घेऊन घरी गेले होते.

मग दुसऱ्या सिनेमाला बसलो. तो मालवणच्या मुलीचा होता, पण पाच महिने आम्ही पेटीच भरत होतो. कधी त्यात तिच्या आजीचा दागिना ठेवला, कधी समुद्रतळाशी सापडलेला धातू, कधी पैलवानाच्या वस्तादाचा ताईत. प्रत्येक उत्तर त्या एका शब्दापाशी अडायचं. "परत?" म्हणजे लाइनमनने पेटी आधी पाहिलेली आहे. आणि आमचा अख्खा पहिला सिनेमा तर या माणसाला असलं काही पहिल्यांदाच घडतंय, यावर उभा होता. एका शब्दाने आम्ही दोन तासांच्या गोष्टीला खोटं पाडलं होतं. दुसरी स्क्रिप्ट लॉक झालीच नाही. पैसे लावणाऱ्यांचा धीर सुटला आणि मालिका गुंडाळली गेली. त्या मालवणच्या मुलीचं मला आजही वाईट वाटतं. ती फार चांगली लिहिली गेली असती.

मोठ्यांचंही हेच होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या 'ब्लॅक अ‍ॅडम'च्या शेवटी हेन्री कॅव्हिलचा सुपरमॅन परत आला. टाळ्या पडल्या. डिसेंबरमध्ये कॅव्हिलनेच सांगितलं की तो ही भूमिका पुढे करणार नाही. प्रेक्षकाला दिलेला शब्द दोन महिन्यांत बुडाला.

तेव्हापासून मी वाण्याच्या दुकानात असते तशी लांबट वही ठेवतो. डाव्या पानावर प्रेक्षकाला काय कबूल केलं ते लिहायचं: पेटी, अनोळखी नाव, बंद दार, "तो अजून जिवंत आहे" असलं वाक्य. उजव्या पानावर ते कुठे फेडलं, तो सीन नंबर. ड्राफ्ट संपताना ज्याच्यासमोर उजवं पान कोरं, ते डावीकडून आणि स्क्रिप्टमधूनही खोडायचं. पुढच्या सिनेमात फेडणार असू, तर निदान उत्तर आजच लिहून ठेवायचं. एक ओळ पुरे, पण शाईने.

नवीन मुलं म्हणतात, "सर, मार्व्हलनेही नंतरच ठरवलं होतं ना?" काही बाबतीत हो. 2011 च्या 'थॉर'मध्ये ओडिनच्या खजिन्यात पुढे मुख्य खलनायक ठरलेल्या थॅनोसचा हातमोजा ओझरता दिसतो, आणि पुढच्या गोष्टीत तो तिथे असणं बसेना. 2017 च्या 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये खलनायिका हेला तो खाली पाडते आणि खोटा आहे म्हणते. दुरुस्ती सुंदर आहे. पण ती एवढ्या सहज झाली, कारण तो मोजा कोपऱ्यात पडून होता, कोणी त्यावर सिनेमा संपवला नव्हता. सजावट बदलता येते. शेवटचा शॉट बदलता येत नाही.

सहा जण आणि काम एकाचंच

टीमचा सिनेमा लिहिताना सगळ्यांना लढाईत उभं केलं की झालं, असं नवख्यांना वाटतं. मग स्क्रिप्टमध्ये सलग बारा पानं 'सगळे मिळून शत्रूवर तुटून पडतात' चालतं.

2012 च्या 'द अ‍ॅव्हेंजर्स'मधली न्यूयॉर्कची लढाई कागद-पेन घेऊन बघा. आकाशात भगदाड पडलंय, त्यातून फौज उतरतेय. सहाही जण रस्त्यावर गोल उभे आहेत आणि कॅप्टन अमेरिका कामं वाटतो. धनुर्धर हॉकआयने छतावर जायचं आणि शत्रू कुठून येतोय ते ओरडून सांगायचं. आयर्न मॅनने वेस धरायची, तीन गल्ल्यांबाहेर कोणी जाता कामा नये. थॉरने विजेने भगदाडाचं तोंड अडवायचं. हेर असलेली नताशा आणि स्वतः कॅप्टन जमिनीवर. हल्कला एकच शब्द: फोड. अर्ध्या मिनिटात प्रत्येकाची जागा कळते आणि पुढचा अर्धा तास आपण कधीच हरवत नाही. शिवाय भगदाड बंद कोण करतं? जिच्याकडे कसलीही दैवी शक्ती नाही, ती नताशा.

उलट, 2017 च्या 'जस्टिस लीग'मध्ये सुपरमॅन शेवटच्या लढाईत येतो आणि खलनायक त्याच्यापुढे टिकतच नाही. बाकीचे इतका वेळ का झगडत होते, असं वाटू लागतं. एक जण सगळ्यांचं काम करू शकत असेल तर ती टीम नाही, तो एकट्याचा सिनेमा आहे.

मी काय करतो, तर क्लायमॅक्स लिहिण्याआधी एकेका पात्राचं नाव झाकतो आणि विचारतो, हा नसता तर नेमकं काय अडलं असतं? उत्तर 'मारामारी जास्त वेळ चालली असती' एवढंच असेल, तर ते पात्र अजून टीममध्ये आलेलं नाही.

आणि जोडणारा दोर बहुतेक वेळा हिरोंपैकी कोणी नसतो. एजंट कूलसन आठवा. 'आयर्न मॅन'पासून फायली घेऊन फिरणारा सुटातला सरकारी माणूस. 'द अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये तो मारला जातो आणि फ्युरी रक्ताने माखलेली, त्याने जपून ठेवलेली कॅप्टन अमेरिकाची कार्डं टेबलावर टाकतो. नंतर कळतं की ती कार्डं त्याच्या खिशात नव्हतीच, लॉकरमध्ये होती. रक्त फ्युरीनेच लावलं. एवढ्या बारक्या गोष्टीने भांडखोर टोळी एक होते, कारण त्या माणसाला आपण चार वर्षं ओळखत असतो. म्हणून पहिल्या सिनेमाच्या छोट्या भूमिकांकडे नीट लक्ष द्या. घाईत असलेला लेखक त्यांना 'ऑफिसर 1', 'ऑफिसर 2' म्हणून सोडून देतो, आणि पुढे त्याच्याकडे दोर वळायला काहीच उरत नाही.

खलनायकही पाहुणाच

सहा हिरोंच्या सिनेमात खलनायकाची ओळख करून द्यायला वेळ नसतो. 'द अ‍ॅव्हेंजर्स'ला थॉरचा भाऊ लोकी तयार मिळाला, कारण त्याचं दत्तकपण, त्याचा बापावरचा राग, सगळं 'थॉर'मध्ये मांडून झालं होतं. 'जस्टिस लीग'ला दोन तासांत तीन नवे हिरोही उभे करायचे होते आणि स्टेपनवुल्फही. त्याचा चेहरा आज किती जणांना आठवतो? टीमच्या सिनेमाचा खलनायक आधीच्याच एखाद्या सिनेमातून आणा, शक्यतो कोणाच्या तरी घरातला.

आणखी काही, थोडक्यात

हिरोंची ओळख लॅपटॉपवरच्या फायली उघडून देऊ नका. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये तीन जण तसेच आले आणि ऐन गोष्टीत ट्रेलर लागल्यासारखं झालं.

कॅलेंडर एकाच माणसाच्या हातात द्या. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'मधल्या 'आठ वर्षांनंतर' या एका पाटीने मार्व्हलचा कालक्रम बिघडवला होता.

नट बदलला तर सारवासारव करू नका. 'आयर्न मॅन 2'मध्ये टेरेन्स हॉवर्डच्या जागी डॉन चीडल आला आणि पहिल्याच प्रसंगात साधारण 'मी आलोय, आता पुढे चला' अशा अर्थाचं बोलून मोकळा झाला. एवढं पुरतं. पण सहा जणांच्या तारखा एकत्र मिळतील असं गृहीत धरून लिहू नका. प्रत्येक मोठ्या प्रसंगाचा, एक जण कमी असला तरी चालेल असा ड्राफ्ट माझ्याकडे तयार असतो.

आणि प्रेक्षकाला गृहपाठ देऊ नका. 2023 च्या 'द मार्व्हल्स'मधल्या तिघींना ओळखायला आधीचा एक सिनेमा आणि दोन वेब सिरीज पाहिलेल्या असाव्या लागत होत्या. मार्व्हलच्या या सगळ्या जोडलेल्या सिनेमांत तो सर्वांत कमी कमाईचा ठरला. यावर माझा उपाय म्हणजे माझी आत्या. तिने आधीचं काही वाचलेलं नसतं. ती पेन्सिल घेऊन बसते आणि जिथे कळत नाही तिथे समासात 'हा कोण?' लिहिते. गेल्या वर्षीच्या एका स्क्रिप्टमध्ये प्रचंड ताकदीचा नायक दुसऱ्या सिनेमात नव्या घरी येतो, तिथे तिने तसं लिहिलं. सहलेखकाने लगेच फ्लॅशबॅक सुचवला. मी नको म्हणालो. आम्ही एवढंच बदललं की घरातली बाई त्याला खाटेवर बसा म्हणते, तो खाटेचा पाय हाताने चाचपून बघतो आणि न बोलता खाली जमिनीवर बसतो. पुढच्या ड्राफ्टमध्ये आत्याचा समास कोरा होता.