मोठ्या जातीच्या कुत्र्याला काय, किती आणि कसं खाऊ घालावं

लॅब्राडॉर, रॉटवायलर, ग्रेट डेन असं पिल्लू घरी आलं की सगळ्यांनाच ते पटकन थोराड व्हायला हवं असतं. ही घाई पिल्लाला महागात पडते. या जातींची वाढ पूर्ण व्हायला दीड वर्ष लागतं, ग्रेट डेनसारख्यांना दोनही. हाडं कच्ची असताना अंगावर वजन चढलं तर खुब्याची दुखणी मागे लागतात.

१. खाद्य निवडा. पिल्लासाठी पाकिटावर ‘लार्ज ब्रीड पपी’ असं स्पष्ट लिहिलेलं खाद्य घ्या. त्यात कॅल्शियम आणि उष्मांक बेताचे असतात. वरून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पावडर अजिबात नको. हाडं मजबूत व्हावीत म्हणून लोक प्रेमाने देतात, पण लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. आलेलं सगळं अंगात जातं आणि हाडांची वाढ बिघडते.

२. हिशेब करा. मोठ्या झालेल्या कुत्र्यासाठी साधा कॅल्क्युलेटर पुरतो. समजा वजन ३० किलो. ३० ला ३० ने दोनदा गुणा: २७,०००. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा: १२.८. त्याला ७० ने गुणा, साधारण ९०० कॅलरी. ही नुसत्या पडून राहण्याची गरज झाली. नसबंदी झालेल्या, रोज फिरायला जाणाऱ्या कुत्र्यासाठी तिची १.६ पट धरा, म्हणजे सुमारे १,४४०. खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३६० कॅलरी असतील तर दिवसाला ४०० ग्रॅम. वाटीने मोजू नका, वजनकाटा वापरा. कोणाची वाटी सपाट असते, कोणाची शीग लावलेली.

३. बरगड्या चाचपा. वरचा आकडा फक्त सुरुवातीपुरता. खरा निकाल हातच देतो. आपला पंजा पालथा ठेवून बोटांच्या मागच्या बाजूवरून दुसरा हात फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर उत्तम. मुठीच्या गाठींसारख्या टोचल्या तर तो रोड आहे, आणि तळहातासारखं मऊमऊ लागलं तर ताट कमी करा. दर दोन आठवड्यांनी हे करा.

लॅब्राडॉरवाल्यांना हे जड जातं. ‘उपाशी ठेवलंय’ अशा नजरेने तो बघतो, आणि त्याचा तरी काय दोष? सुमारे पाव लॅब्राडॉरांमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडतो. पण ४८ लॅब्राडॉरांवर जन्मभर चाललेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ टक्के कमी खाणारे कुत्रे आपल्या जोडीच्या भावंडांपेक्षा जवळपास दोन वर्षं जास्त जगले. सांधेदुखीही त्यांना उशिरा लागली.

४. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यात बसवा आणि तेवढं जेवणातून वजा करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही बंद. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या आतडं फाडतात.

५. खाद्य बदलताना आठवडा-दहा दिवस घ्या, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत. नाहीतर जुलाब ठरलेले.

६. जेवण विभागून द्या. मोठ्या कुत्र्याला दिवसाचं सगळं एकदम वाढू नका. दोन वेळा द्या, लहान पिल्लाला तीन-चार वेळा. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगून पिळा पडू शकतो. एकच भलं मोठं जेवण आणि बकाबक खाणं यांनी तो धोका वाढतो. अधाशासारखं खाणाऱ्याला आत उंचवटे असलेलं भांडं द्या. जेवण झाल्यावर लगेच धावपळ नको. पोट ढोलासारखं ताणलंय, कुत्रा सारखा ओकायला बघतोय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा. पिळा पडलेल्या पोटाला शस्त्रक्रियाच लागते, आणि हातात काही तासच असतात.