मोटार फिरत नाही, एलईडी पेटत नाही: मुलांच्या विज्ञान प्रयोगांत या चुका टाळा

विज्ञानाचे सोपे प्रयोग फसतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा मुलांच्या हाताचा नसतो, अर्धवट लिहिलेल्या कृतीचा असतो. ‘तारेची टोके खरवडा’ एवढेच सांगितलेले असते. कोणते टोक, किती आणि कोणत्या बाजूने, हे कुणी सांगत नाही. मग मूल दोन-तीन वेळा खटपट करते आणि साहित्य डब्यात टाकून देते. खाली नेहमीच्या प्रयोगांतल्या नेहमीच्या चुका आणि त्यांची कारणे दिली आहेत. कारण कळले की दुरुस्ती बहुधा पाच मिनिटांची असते.

सेफ्टी पिनांची मोटार: सगळा खेळ खरवडण्यात आहे

एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वाइंडिंगची तांब्याची तार एवढ्यावर चालणारी ही मोटार सहावी-सातवीच्या मुलांसाठी उत्तम आहे. 22 ते 24 गेजची तार जाड सेलभोवती 10 ते 12 वेळा गुंडाळायची, वेटोळे काढून घ्यायचे आणि दोन्ही टोके समोरासमोर तीन-तीन सेंटिमीटर बाहेर ठेवायची. सेफ्टी पिना सेलच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधायच्या, चुंबक सेलच्या पाठीवर ठेवायचा आणि वेटोळे पिनांच्या भोकांत टांगायचे.

पहिली चूक म्हणजे तार न खरवडणे. ही तार उघडी दिसते, पण तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. दुसरी चूक याच्या उलट: दोन्ही टोके सगळ्या बाजूंनी चकचकीत खरवडणे. असे केले की वेटोळे झटका खाते, मागे-पुढे डोलते आणि थांबते. वेटोळे अर्धा फेरा फिरले की चुंबकाचा धक्का उलट्या दिशेने बसू लागतो, म्हणून त्या अर्ध्या फेऱ्यात वीज बंद असायला हवी. त्यासाठी एक टोक पूर्ण खरवडायचे आणि दुसऱ्या टोकाचा फक्त अर्धा भाग.

कोणता अर्धा, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. वेटोळे टेबलाच्या कडेला नाण्यासारखे उभे धरा, टोक टेबलावर आडवे टेकवा आणि तारेची फक्त वरची बाजू काचपेपरने घासा. खालची बाजू तशीच राहू द्या. हेच काम वेटोळे आडवे ठेवून केले, तर वीज चुकीच्या वेळी चालू होते. पुढे ढकलणारा आणि मागे ओढणारा धक्का सारखाच होतो आणि मोटार हलत नाही. बाहेरून दोन्ही वेटोळी अगदी एकसारखी दिसतात, म्हणून हा दोष सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

एवढे करूनही फिरत नसेल तर तोल तपासा. वेटोळे पिनांत ठेवून सोडले की दर वेळी तीच बाजू खाली येते का? तसे असेल तर दोन्ही टोके वेटोळ्याच्या बरोबर मध्यावरून निघत नाहीत. चुंबक वेटोळ्यापासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असावा. सुरुवातीला बोटाने हलका धक्का द्यावा लागतो आणि तो दोन्ही दिशांनी देऊन पाहावा. वेटोळे थांबलेले असताना सेल जोडलेला ठेवू नका. तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, फार कमी असल्याने सेल आणि पिना दोन्ही तापतात.

खिळ्यावर तार गुंडाळून केलेल्या विद्युतचुंबकातही सेल असाच तापतो, म्हणून तो एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त जोडू नये. तिथली दुसरी चूक म्हणजे पहिला थर एका दिशेने आणि दुसरा उलट दिशेने गुंडाळणे. खिळ्याच्या टोकाकडून डोक्याकडे परत आलात तरी चालते, पण फिरवण्याची दिशा तीच हवी. नाहीतर एक थर दुसऱ्याचे चुंबकत्व खोडून टाकतो.

लिंबाची बॅटरी: रुपयाचे नाणे चालत नाही

परदेशी कृतींमध्ये तांब्याचे नाणे सांगितलेले असते. आपली आजची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. चुंबक लावून पाहा, चिकटते. त्याऐवजी वायरिंगच्या जाड केबलमधली तांब्याची तार सोलून घ्या. दुसऱ्या बाजूला जस्त हवे. हार्डवेअरच्या दुकानात जीआयची जाड तार किंवा जीआय स्क्रू मागा, त्यांच्यावर जस्ताचा थर असतो. साध्या लोखंडी खिळ्याने व्होल्टेज जवळजवळ निम्मे मिळते. जस्त मिळवण्यासाठी जुना सेल मात्र कधीही फोडू नका. अल्कलाइन सेलमध्ये त्वचा आणि डोळे भाजणारा क्षार असतो.

तांबे आणि जस्त असले की एका लिंबातून साधारण 0.9 व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला सुमारे 1.8 व्होल्ट लागतात. म्हणून लोक दोन लिंबे जोडतात आणि एलईडी पेटत नाही. मल्टिमीटरवर 1.8 दिसते खरे, पण ते काहीच जोडलेले नसताना. एलईडी जोडला की व्होल्टेज खाली येते, कारण लिंबाचा अंतर्गत रोध हजारो ओहमचा असतो. चार लिंबे एकापुढे एक जोडा: पहिल्याचे तांबे दुसऱ्याच्या जस्ताला, याप्रमाणे. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाला लावा. प्रकाश मंद असतो, त्यामुळे ओंजळीत धरून पाहा. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला 3 व्होल्टच्या आसपास लागतात, ते सुरुवातीला नकोच. टॉर्चचा तारेचा बल्ब तर लिंबावर पेटणारच नाही, त्याला लागणारा प्रवाह लिंबे देऊ शकत नाहीत.

लिंबू आधी टेबलावर दाबून लाटा, म्हणजे आतले पडदे फाटतात आणि रस एकत्र होतो. दोन्ही धातू दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर खोचा, आत एकमेकांना लागू देऊ नका. बर्फाच्या ट्रेमध्ये लिंबाचा रस भरून तेच केले तर जोडणी दिसते आणि दोष पटकन सापडतो.

ऊर्जा लिंबात असते, असे सांगणे ही इथली सर्वांत मोठी चूक आहे. ऊर्जा येते ती जस्त विरघळण्याच्या रासायनिक क्रियेतून, लिंबाचा आम्लयुक्त रस ती क्रिया घडू देतो. चार-पाच तासांनी जस्ताची तार बाहेर काढली तर काळपट पडलेली दिसते, ती मुलांना दाखवा. रसात धातू उतरलेले असतात, तेव्हा ही लिंबे सरबताला वापरायची नाहीत.

मेणबत्ती आणि उपडा ग्लास: प्रयोग बरोबर, उत्तर चूक

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी वर चढते. मग ठरलेले वाक्य येते: ‘हवेतला 21 टक्के ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी तेवढेच चढले.’ प्रदर्शनांतल्या तक्त्यांवरही हे लिहिलेले असते, आणि ते चुकीचे आहे. फसलेला प्रयोग दुरुस्त करता येतो. यशस्वी प्रयोगासोबत डोक्यात बसलेले चुकीचे कारण मात्र पुढे वर्षानुवर्षे निघत नाही, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

ज्योतीमुळे ग्लासातली हवा तापून प्रसरण पावते आणि थोडी कडेने बाहेर जाते. नीट पाहिले तर बुडबुडे दिसतात. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन काही प्रमाणात वापरला जातो, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा निम्म्याहून जास्त ऑक्सिजन शिल्लक असतो.

मुलांना हे सांगू नका, तपासायला लावा. पाणी नेमके केव्हा चढते? बहुतेक पाणी ज्योत मंदावल्यावर आणि विझल्यावर झपाट्याने चढते. मग त्याच ग्लासाखाली सारख्या उंचीच्या तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच आहे, तरी पाणी आणखी वर जाते, कारण हवा जास्त तापली होती. ग्लासावर स्केचपेनने दोन्ही पातळ्यांच्या खुणा केल्या की प्रयोग पूर्ण होतो. पाण्यात शाईचा एक थेंब टाका, पातळी स्पष्ट दिसते. ग्लास जाड काचेचा नको, तडकू शकतो. आणि सुती कपडे घालून, केस बांधून, मोठ्यांच्या देखत.

हळद, जास्वंद आणि बोअरचे पाणी

हळदीच्या कागदावर लिंबू पिळले, काहीच झाले नाही, म्हणून प्रयोग फसला असे वाटते. तो फसलेला नसतो. हळद आम्लातही पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच राहते. ती फक्त आम्लारी ओळखते: साबण, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी यांत लाल होते. खायच्या सोड्याचे द्रावण फार सौम्य असल्याने त्यात रंग पुसट नारिंगी येतो. आम्ल आणि आम्लारी दोन्ही दाखवायचे तर लाल जास्वंद घ्या. पाच-सहा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा, उकळू नका. आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा रंग मिळतो. निळ्या गोकर्णाची फुलेही छान चालतात.

अर्क साध्या नळाच्या पाण्यातच रंग बदलत असेल तर पाणी तपासा. बोअरचे पाणी बऱ्याचदा किंचित आम्लारीधर्मी असते. इन्व्हर्टरसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी वापरा. हळद पाण्यात नीट विरघळत नाही. एक चमचा हळद तीन चमचे अल्कोहोलच्या सॅनिटायझरमध्ये कालवून गाळा आणि गाळणकागद त्यात बुडवा, रंग एकसारखा बसतो. सॅनिटायझर पेट घेतो, त्यामुळे जवळ गॅस चालू नको. पट्ट्या सावलीत वाळवा, उन्हात हळदीचा रंग उडतो. जास्वंदीचा अर्क मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेल असे धरून चालू नका.

कंगवा आणि पावसाळा

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग जुलैत कोकणात करू नये. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि विद्युतभार निघून जातो. दुसरे कारण घरातच असते: तेल लावलेले केस. कंगवा साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, केस कोरडे हवेत. याहून खात्रीचे साहित्य म्हणजे प्लॅस्टिकची स्ट्रॉ आणि टिश्यू पेपर, किंवा पीव्हीसी पाइप आणि लोकरीचे कापड. हिवाळ्याची कोरडी हवा सर्वांत चांगली. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला हा प्रयोग ठेवायला हरकत नसते.

ज्वालामुखीबद्दल थोडे

खायचा सोडा, बेकिंग पावडर आणि धुण्याचा सोडा या तीन वेगळ्या वस्तू आहेत. इथे खायचा सोडा हवा. 4 टक्क्यांच्या 100 मिलिलीटर व्हिनेगरला साधारण साडेपाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा आणि वर थोडा सोडा पुरतो. जास्त ओतला तर तळाशी पांढरा गाळ राहतो, फेस वाढत नाही. याच प्रमाणातून सुमारे दीड लिटर वायू निघतो. बाटलीच्या तोंडावर फुगा लावला तर तो 13-14 सेंटिमीटर व्यासाचा फुगतो, आणि मुलांना वायू मोजताही येतो. झाकण लावून बाटली बंद मात्र कधीच करू नका.

हे खऱ्या ज्वालामुखीचे प्रारूप नाही, हेही सांगावे. तिथे आम्ल आणि सोडा नसतो, वितळलेला खडक आणि त्यात विरघळलेले वायू असतात. महाराष्ट्रातला काळा बसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी शंकूच्या टोकातून उडालेला नाही, जमिनीच्या लांबलचक भेगांतून पसरत आलेल्या लाव्हाचा आहे. थर्माकोलचा शंकू करण्याऐवजी भेग दाखवली, तर आपल्या पायाखालच्या दगडाशी त्याचा संबंध जुळतो.

तुरटीचे स्फटिक

250 मिलिलीटर गरम पाण्यात 60 ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा, गाळा आणि न हलवता ठेवा. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्या, ॲल्युमिनियमचे नको. बीजस्फटिक, म्हणजे ज्याच्याभोवती मोठा स्फटिक वाढतो तो छोटा स्फटिक, टांगल्यावर नाहीसा झाला, तर द्रावण संपृक्त (मावेल तेवढी तुरटी विरघळलेले) नव्हते किंवा अजून गरम होते. सुती दोऱ्यावर बारीक स्फटिकांची गर्दी होते, म्हणून मासेमारीचा नायलॉन दोरा वापरा. फ्रिजमध्ये ठेवून घाई केली की एका मोठ्या स्फटिकाऐवजी चुरा मिळतो. चांगल्या स्फटिकाला दोन आठवडे द्या.

हे मात्र करायचेच नाही

घरातल्या प्लगमधली वीज कोणत्याही प्रयोगात नको, 9 व्होल्टपर्यंतचे सेल पुरतात. फटाक्यांची दारू काढू नका. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. ड्रेन क्लीनर आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलने फुगा भरण्याचे व्हिडिओ दिसतात, त्यात हायड्रोजन आणि उकळता क्षार असतो. सूर्याकडे भिंगातून, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा काजळी धरलेल्या काचेतून पाहू नका. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्या. बटण सेल आणि छोटे निओडिमियम चुंबक लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळले गेल्याची शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालयात न्या.

दोष शोधताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. तार, सेल आणि चुंबक एकदम बदलले आणि मोटार फिरली, तर दोष कशात होता हे कळतच नाही. सुरुवात सेलपासून करा, मग जोड, मग मांडणी. काय बदलले आणि काय झाले हे वहीत दोन रकान्यांत लिहायला लावा. परीक्षकांनी विचारल्यावर मुलाला पाठ केलेले उत्तर द्यावे लागत नाही. प्रदर्शनाला जाताना दोन नवे सेल, एक तयार वेटोळे, काचपेपरचा तुकडा, चार लिंबे आणि एक जास्तीचा एलईडी पिशवीत असू द्या. जास्वंदीचा अर्क त्याच दिवशी सकाळी करा.