साडेपंधरा अँपिअर: किट कारच्या एन्ड्युरन्स शर्यतीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

आमची गाडी बॅटरीवर चालणारी, किटमधून म्हणजे सुट्या भागांच्या तयार संचातून जोडलेली. पहिल्या शर्यतीत पहिली 20 मिनिटं आम्ही चक्क पुढच्या चार-पाच गाड्यांत होतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या जागेत, एकमेकांना टाळ्या देणं चालू होतं. पन्नासाव्या मिनिटाला गाडी सायकलच्या वेगावर आली, मग चालण्याच्या, आणि एका किरकोळ चढावर थांबली ती थांबलीच. मोटर ठीक, चेन ठीक, चाकं ठीक. बॅटरी संपली होती आणि शर्यत 90 मिनिटांची होती. सुरुवातीला ज्यांना मागे टाकलं होतं, ते सगळे एकेक करून शांतपणे पुढे निघून गेले. कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

या खेळात गाडी वेगाने पळवायची नसते, दिलेली वीज पुरवून पुरवून वापरायची असते. हे आम्हाला आधी कोणीतरी सांगितलंही होतं. आम्ही मान डोलावली होती.

खेळाची चौकट साधी आहे. ब्रिटनमधल्या ग्रीनपॉवर स्पर्धा घ्या. 1999 साली गुडवुडच्या ट्रॅकवर सुरू झालेल्या या स्पर्धांमध्ये शाळा-कॉलेजांच्या टीम 24 व्होल्टच्या एकसारख्या मोटरवर आणि लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या एकसारख्या जोडीवर गाडी चालवतात. गाडी किटमधून जोडा किंवा स्वतः बनवा. अमेरिकेतल्या इलेक्ट्राथॉनमध्ये लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या वजनावर 73 पौंडांची, म्हणजे साधारण 33 किलोंची मर्यादा असते, आणि तासाभरात जो जास्त अंतर कापेल तो पहिला. नियम वेगवेगळे, गोम एकच: ऊर्जा सगळ्यांना सारखी. पैसे ओतून मोठी बॅटरी आणता येत नाही, म्हणून कमी बजेटची टीमही पुढे येऊ शकते.

आता आमची चूक आकड्यांत सांगतो. समजा, 12 व्होल्ट आणि 36 अँपिअर-अवरच्या (अँपिअर गुणिले तास) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडल्या आहेत. 24 गुणिले 36, म्हणजे 864 वॉट-अवर. हे गणित आम्हीही केलं होतं आणि तिथेच फसलो. बॅटरीवर छापलेला आकडा बहुतेकदा ती 20 तासांत सावकाश रिकामी केली तरचा असतो, म्हणजे 1.8 अँपिअरने. लेड-ॲसिड बॅटरीतून जितक्या घाईने वीज ओढाल, तितकी ती कमी देते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 साली हा हिशेब मांडला, म्हणून त्याला पॉयकर्टचा नियम म्हणतात. त्यातला घातांक 1.2 धरला, तर हीच बॅटरी तासाभरात रिकामी करताना जेमतेम 22 अँपिअर-अवर देते आणि दीड तासात साधारण 23. म्हणजे 90 मिनिटं टिकायचं असेल तर सरासरी करंट 15.6 अँपिअर. आम्ही पहिली 20 मिनिटं 25 ते 30 अँपिअर ओढत होतो. पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

म्हणून गाडीत बसवायची पहिली वस्तू म्हणजे अँपिअर मीटर. स्पीडोमीटर नंतर बसवा, नाही बसवलात तरी चालेल. मीटर ड्रायव्हरच्या नजरेसमोर हवा, मांडीजवळ नको. आतापर्यंत किती अँपिअर-अवर खर्च झाले हे दाखवणारा मीटर मिळाला तर उत्तमच: 45 मिनिटांना निम्मा खर्च झालेला असावा, इतकं सोपं गणित पिटमधून रेडिओवर सांगता येतं.

वेग हळूहळू वाढवायचा आणि मग धरून ठेवायचा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाने. वेग 10 टक्के वाढवलात की हवा कापायला 33 टक्के जास्त पॉवर लागते. निम्मा वेळ सेकंदाला 10 मीटरने आणि निम्मा 14 मीटरने गेलात, तर सरासरी 12च पडते, पण हवेवर खर्च होणारी ऊर्जा सतत 12ने जाण्यापेक्षा 8 टक्के जास्त. नवा ड्रायव्हर नेमका इथेच घसरतो. समोर गाडी दिसली की पाय आपोआप दाबला जातो.

किटबद्दल थोडं. खोक्यातून फ्रेम, ॲक्सल, स्टिअरिंग, ब्रेक, मोटर आणि बोल्टांच्या पिशव्या निघतात. आठवड्याभरात गाडी उभी राहते आणि आपलं काम झालं असं वाटतं. खरं काम तिथून पुढे आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट होतं.

आधी चाकं. ड्रायव्हरसकट गाडी 150 किलो धरा. टायर चांगले, हवा पुरेशी, बेअरिंग मोकळी असतील तर जमिनीचा रोध 9 न्यूटनच्या आसपास राहतो. टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक किंचित घासत असतील, तर तो सहज 15पर्यंत जातो. चाकाशी 270 वॉट मिळणारी, बऱ्यापैकी निमुळती गाडी पहिल्या स्थितीत ताशी 43 किलोमीटरच्या आसपास जाते, दुसऱ्या स्थितीत 38ने. दीड तासात 7 किलोमीटरहून जास्त फरक, तोही फक्त पंपाचा आणि पान्याचा! टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

मग पुढच्या चाकांची अलाइनमेंट. चाक सरळ रेषेपासून एक अंश जरी तिरकं असलं, तरी दर मीटरला 17 मिलिमीटर आडवं घासत जातं. ते डोळ्याला दिसत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर मोजायचं. हे करताना ड्रायव्हर आत बसलेला हवा, कारण वजन पडलं की फ्रेम वाकते आणि सगळी मापं बदलतात. आम्ही पहिल्या वर्षी रिकाम्या गाडीची अलाइनमेंट इतकी काटेकोर केली होती की आठवलं तरी हसू येतं.

सुधारणा झाली की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. सपाट जागी, वारा नसताना, ठरावीक वेगाने येऊन मोटर बंद करायची आणि गाडी आपोआप कुठे थांबते तिथे खडूने खूण करायची. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, आणि एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र केले की त्यातल्या कशाने फरक पडला यावर संध्याकाळभर वाद होतो.

वजनाबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. नवीन मुलं ड्रिल घेऊन प्रत्येक पट्टीला भोकं पाडत सुटतात. सपाट ट्रॅकवर वरच्याच गाडीतून 10 किलो कमी केलेत तर वाचतात फक्त 7 वॉट. ड्रायव्हरचं डोकं बॉडीवर किती उंच येतं, चाकं उघडी आहेत की झाकलेली, याने त्याहून जास्त फरक पडतो. चढउतारांचा ट्रॅक असेल तर वजन महत्त्वाचं, पण भोकं पाडून कमकुवत झालेली स्टिअरिंगची पट्टी कुठेच नको.

वायरिंगमध्ये शत्रू असतो सैल जोड. एखाद्या वाईट क्रिंपचा (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडाचा) रोध 20 मिलिओहम आहे आणि त्यातून 16 अँपिअर वाहतायत, तर तिथे 5 वॉट सतत उष्णता होऊन जातात. असे चार जोड असले की 20 वॉट गेले, म्हणजे 10 किलो वजन घटवून वाचलेल्या वॉटांच्या जवळपास तिप्पट. शोधायची पद्धत अशी: मोटरवर लोड असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन टोकांना लावत जायचं. जिथे आकडा जास्त, तो जोड कापून नव्याने करायचा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि पुढे इलेक्ट्रिक गाड्यांच्या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर पहिल्या वर्षी हेच कराल. मी तरी केलं.

मोटर तापते हे सगळ्यांना माहीत असतं. तापल्यावर ती जास्त खाते हे कमी जणांना. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो, आणि फेराइट चुंबक असतील तर ते तापून क्षीण होतात, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला जास्त करंट लागतो. जास्त करंट म्हणजे आणखी उष्णता. यावर उपाय गिअरिंगचा. मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राला, एक-दोन दात जास्त घेतले की टॉप स्पीड थोडा जातो, पण मोटर सुखात चालते. दोन-तीन स्प्रॉकेट जवळ ठेवा. वाऱ्याच्या दिवशी सरावातला मीटर बघून बदलता येतात. चेनची रेषा मात्र दर वेळी तपासा, कारण दुसऱ्या शर्यतीत आमची चेन उतरली ती याच घाईमुळे.

सुरक्षेत तडजोड नाही. 24 व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही म्हणून मुलं बिनधास्त असतात, पण बॅटरीच्या टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. मेन स्विच बाहेरून कोणालाही बंद करता यावा. चार्जिंग हवेशीर जागी करा, कारण लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो. ड्रायव्हरने हेल्मेट-हार्नेससकट, मदतीशिवाय, काही सेकंदांत बाहेर पडायचा सराव करायला हवा. तो घड्याळ लावून करा. ड्रायव्हर बदलायचा असेल तर त्याचाही सराव असाच. पिटमध्ये बेल्टाशी झटापट करत गेलेलं एक मिनिट म्हणजे 700 मीटर.

बॅटरीची जोडी एकाच वयाची ठेवा. एक जरी दमलेली असली तरी दुसरी तिच्याबरोबर खाली येते. पूर्ण चार्ज होऊन विसावलेली बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी झालेली 12.2. थंडीत तिची क्षमता घटते, म्हणून शर्यतीआधी ती गार फरशीवर ठेवू नका. आणि शर्यत संपली की त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावा. रिकामी ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट धरते, म्हणजे आतल्या प्लेटांवर कडक थर बसून तिची क्षमता जाते, मग पुढच्या वेळी आकडेमोड कितीही बरोबर असो.

टीममध्ये प्रत्येकाला ड्रायव्हरच व्हायचं असतं. मी नव्यांना सांगतो, आधी एक शर्यत वही घेऊन पिटमध्ये बसा. दर लॅपला वेळ, अँपिअर, व्होल्टेज, वारा कुठून हे लिहा. इंटरव्ह्यूमध्ये मला या वहीबद्दलच जास्त विचारलं गेलं, ट्रॉफीबद्दल नाही. (ट्रॉफी नव्हतीच, हेही खरं.)

तिसऱ्या शर्यतीत ती वही माझ्याकडे होती. हिशेब 15.6चा होता, पण पहिल्या वेळची धास्ती बसलेली, म्हणून मीटरवर चिकटपट्टी लावून 15ची खूण केली. दहाव्या मिनिटाला ड्रायव्हरचा रेडिओ आला, "सगळे पुढे जातायत." मी म्हटलं, "जाऊ देत." तिसाव्या मिनिटाला पुन्हा तेच, या वेळी जरा चिडून. साठाव्या मिनिटानंतर तिचा आवाज बदलला, कारण आता थांबलेल्या गाड्या तिला दिसायला लागल्या होत्या. आम्ही पूर्ण 90 मिनिटं चाललो, आणि झेंडा पडल्यावरही गाडी आरामात पिटपर्यंत आली.

त्या आरामावरूनच भांडण झालं. पुढची गाडी आमच्यापेक्षा अर्ध्या लॅपहूनही कमी अंतराने पुढे होती. वही काढून बसलो तर बॅटरीत आणखी चार-एक मिनिटं शिल्लक होती. ती वेळेत खर्च केली असती तर जवळपास एक किलोमीटर जास्त झालं असतं. ड्रायव्हर हेल्मेट हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुला सांगत होते." तिचं बरोबर होतं. पंधराची खूण काढून आम्ही तिथल्या तिथे साडेपंधरावर नवी चिकटपट्टी लावली.