ठाणे-नवी मुंबईच्या पावसात जलरंग: खोली, कागद आणि ब्रश

जुलैमध्ये ठाण्याच्या हवेत आर्द्रता दिवसचे दिवस ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. एप्रिलमध्ये सहज जमणारा वॉश (पाणीदार रंगाचा सलग पातळ थर) अशा हवेत फसला की बहुतेक जण स्वतःच्या हाताला दोष देतात, नाहीतर महागडा कागद घेऊन येतात. प्रत्यक्षात कागद ओलावा पिऊन बसलेला असतो आणि रंग वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ घेत असतो. म्हणून पावसाळ्यात सुरुवात खोलीपासून करायची.

आधी एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, आणा. साधा स्वस्तातला चालेल, पण तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ते नुसतं ओलसर करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७० दाखवत असेल तर यापुढे त्याच्या आकड्यात ५ मिळवून वाचायचं.

काम करायला ५० ते ६० टक्के उत्तम. आकडा सतत ६५-७० च्या वर राहिला की बुरशीला मोकळं रान मिळतं. पंख्याने आर्द्रता कमी होत नाही, त्याने फक्त कागदावरची ओली हवा बाजूला सरकते. ‘हवा खेळती राहू दे’ म्हणून पाऊस चालू असताना खिडकी उघडली तर आकडा चढतोच. उपाय दोनच: एसी ‘ड्राय’ मोडवर लावायचा किंवा डिह्युमिडिफायर घ्यायचा. १००-१५० चौरस फुटांच्या खोलीला दिवसाला १०-१२ लिटर पाणी ओढणारं यंत्र पुरतं. २५० वॉटचं यंत्र आठ तास चाललं तर दोन युनिट वीज जाते. दार-खिडक्या बंद ठेवल्या तरच त्याचा उपयोग.

वन बीएचकेच्या हॉलमध्येच टेबल मांडलं असेल तर एक गोष्ट आधी हलवा: वाळत घातलेले कपडे. मशीनमधून पिळून काढलेली कपड्यांची एक खेप दोनेक लिटर पाणी खोलीत सोडते, आणि यंत्र बिचारं तेच ओढत बसतं. दोरी बाथरूमकडे किंवा बाल्कनीत न्या. स्वयंपाकघरात कुकर चढला असेल तेवढा वेळ मधलं दार लावून घ्या.

कागद मे महिन्यात भरून ठेवा

वर्षभराचा कागद मे संपायच्या आत हवाबंद डब्यात गेला पाहिजे. जूनच्या मध्यावर भरला तर आत शिरलेला ओलावाही त्याच्याबरोबर कोंडला जातो, आणि ते उघड्यावर ठेवण्याहून वाईट. झाकणाला रबर असलेला मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी कापडी पुरचुंडीत सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) ठेवा, वर पुठ्ठा आणि मग कागद. जेल कागदाला टेकू देऊ नका. केशरी रंगाची जेल घ्या. निळीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवा, पुन्हा वापरता येते. थरांमध्ये वर्तमानपत्र घालू नका: त्यातलं आम्ल कागद पिवळा पाडतं.

डबा पलंगाखाली लादीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका. इथला पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत आधी ओल धरते. आतल्या भिंतीजवळ, चार बोटं जागा सोडून ठेवा. डांबराच्या गोळ्या कसर दूर ठेवतात, पण बुरशी थांबवत नाहीत. त्या दोन कामांची गल्लत सर्रास होते.

बऱ्याच चांगल्या सुती कागदांवर कारखान्यात जिलेटिनचा थर दिलेला असतो. रंग लगेच आत न मुरता वर तरंगतो तो याच थरामुळे. ओलीत राहिलेल्या कागदावर बुरशी हा थर खाते, डोळ्यांना मात्र काही दिसत नाही. नव्या चित्राला हात घालण्याआधी कोपऱ्यात दोन बोटांएवढा फिका निळा वॉश द्या. गडद ठिपके उमटले आणि ते पसरत गेले, तर त्या ठिकाणी थर संपला आहे. असा कागद फेकायचा नाही. १०० मिली कोमट पाण्यात २ ग्रॅम खायचं जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशने एक हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. बऱ्यापैकी सावरतो. तेवढा खटाटोप नको असेल तर तो कागद गुआश (अपारदर्शक जलरंग) किंवा पेनच्या कामाला लावा. पांढरट बुरशी वर दिसतच असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका. आधी कागद सुकवा, मास्क लावून बाल्कनीत मऊ ब्रशने झटका, आणि तो बाकीच्या कागदांत परत मिसळू नका.

कागद ताणणे

कागद ताणणे म्हणजे तो भिजवून फळीवर चिकटवणं आणि तसाच वाळवणं, म्हणजे रंगवताना लाटा येत नाहीत. पावसाळ्यात सगळ्यात जास्त फजिती इथे होते. अर्ध्या इंपीरियलसाठी, म्हणजे १५ × २२ इंच कागदासाठी, १८ × २५ इंचांचा १२ मिमी मरीन प्लाय घ्या. दोन्ही बाजूंना आणि कडांना पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वॉर्निशचे दोन हात हवेत, नाहीतर लाकडाचा तपकिरी डाग कागदात उतरतो. एमडीएफ फुगतो, तो नको. गमटेपचं (ओली केल्यावर चिकटणाऱ्या कागदी टेपचं) रीळ हवेतल्या ओलीनेच चिकटून ठोकळा होतं, ते सिलिका जेलच्या पुडीबरोबर झिपच्या पिशवीत ठेवा. टेपचे चार तुकडे कागद भिजवण्याआधीच कापून ठेवा. ओल्या हातांनी रिळाला शिवायचं नाही.

३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद गार पाण्यात पाच मिनिटं भिजवा, २०० चा असेल तर दोन-तीन मिनिटं. जास्त भिजवला तर तोच जिलेटिनचा थर पाण्यात जातो. दोन कोपरे धरून उचला, अर्धा मिनिट निथळू द्या, फळीवर सोडा. मधून कडांकडे ओला स्पंज दाबत न्या, घासू नका. कडांवरचं पाणी टिपून घ्या. दोन इंची टेप स्पंजवरून एकदाच ओढायची. पाण्यात बुडवलेल्या टेपचा गोंद धुऊन जातो आणि ती तासाभरात उचलते. एक इंच कागदावर, एक इंच फळीवर.

आता फळी आडवीच ठेवायची. उभी केली की पाणी खालच्या कडेला उतरतं, ती टेप ओली राहते आणि सुटते. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत होणाऱ्या या कामाला पावसाळ्यात चोवीस तास द्या. घाईने मधोमध हेअर ड्रायर मारला तर मधला भाग आधी आकसतो, टेप अजून पकडलेली नसते, आणि एखादा कोपरा फाटकन सुटतो. ड्रायर वापरायचाच असेल तर आधी चारही बाजूंच्या टेपवर फिरवा, मध्याला सगळ्यात शेवटी. टेपशी वैरच असेल तर स्टेपलर: कडेपासून अर्धा इंच आत, दर दीड इंचाला एक पिन. दिसायला ओबडधोबड, पण जुलैत जास्त भरवशाचं.

रंगवताना

घड्याळाऐवजी चकाकी पाहा. डोळे कागदाच्या पातळीला आणून खिडकीच्या उजेडाकडे तिरकं बघायचं. आरशासारखी चकाकी असेल तेव्हा रंग सोडला तर तो वाहत जातो. चकाकी मंद झाली की ढगांच्या, झाडांच्या मऊ कडा मिळतात. चकाकी गेली, पण कागद अजून ओलसर आहे, हा धोक्याचा टप्पा. या वेळी भरलेला ब्रश टेकवला की पाणी आधीच्या रंगाला ढकलत जातं आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. उन्हाळ्यात हा टप्पा दोन-तीन मिनिटांत सरतो, पावसाळ्यात पाव तासही लांबतो, म्हणून डाग या दिवसांत जास्त. नियम एकच: ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा. बुडवल्यावर सुती फडक्यावर एकदा टेकवून मगच लावा.

दुसरा थर देण्याआधी हाताची मागची बाजू कागदाला हलकी टेकवा. गार लागला तर आत पाणी आहे, थांबा. बोटाच्या टोकाला हा फरक नीट कळत नाही. ड्रायर चकाकी गेल्यावरच, फूटभर लांबून, सतत हलवत. पाणी साचलेलं असताना मारला तर रंग कडेला लोटला जाऊन करकरीत रेघ उरते.

शहाणपणाचं वेळापत्रक म्हणजे दोन-तीन फळ्या एकदम लावणं. पहिलीवर आकाश, ती वाळेपर्यंत दुसरीवर पाणी, तोवर तिसरीचं रेखाटन. ठाण्याच्या तलावपाळीला, तलावाच्या काठी, छत्रीखाली बसून हौस भागवायची असेल तर पेन्सिल आणि एकाच रंगाची टिपणं घ्या, रंगकाम घरी.

आभाळ भरलेलं असताना दुपारी दोनलाही दिवा लागतो. घरातल्या ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर-पांढऱ्या, ट्यूबखाली लाल-पिवळे मरगळलेले दिसतात, मग हात नकळत ते जास्त घालतो. ५००० केल्विन, सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) ९० च्या वरचा एलईडी लावा.

पॅलेटमध्ये ट्यूब तीन-चार दिवसांपुरतीच पिळा. रंगातल्या गोंदावर आणि मधावर बुरशी फार लवकर धरते. काम संपलं की मिसळायच्या खळग्यांतलं पाणी टिश्यूने टिपा आणि झाकण दोन-तीन तास उघडं ठेवून मगच लावा. लव दिसली तर वरचा थर खरवडून काढा, खळगा स्पिरिटने पुसा. ब्रश ओले असताना उभे ठेवू नका: पाणी पत्र्याच्या नळीत उतरतं, गोंद सुटतो, दांडीचा रंग तडकतो. टॉवेलवर आडवे, किंवा टोक खाली करून टांगलेले.

फ्रेम आणि प्रवास

चित्र कोरड्या खोलीत किमान दोन दिवस राहिल्याशिवाय काचेमागे जाऊ देऊ नका. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. काच आणि चित्र यांत २-३ मिमीचा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर चित्र काचेला चिकटतं. चित्र चारही बाजूंनी गोंदाने डकवायचं नाही, वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या पुरतात; हवेप्रमाणे कागद फुगतो-आकसतो, त्याला जागा मिळाली नाही की लाटा येतात. आणि सेलोटेप नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते.

प्रदर्शनासाठी मुंबईला न्यायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट सांगा. फ्रेम आधी प्लास्टिकमध्ये, मग दोन्ही बाजूंना कोरुगेटेड पुठ्ठा, वरून पुन्हा प्लास्टिक, आणि जोड नेहमी खालच्या तोंडाने, म्हणजे पाणी आत शिरत नाही. लोकलचा मालडबा, तोही अकरानंतर. पोचल्यावर एसीच्या गार दालनात पार्सल लगेच उघडा. आतली दमट हवा कोंडून राहिली तर शीटच्या आतल्या बाजूला दव धरतं. परतीला उलटं: गार चित्र गुंडाळलेलंच घरी आणा, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर, दोनेक तासांनी सोडा.