'के पाद्रे!': अनेक अर्थांचा एक स्पॅनिश शब्द शिकायचा कसा

मेक्सिकोतल्या मैत्रिणीला तुम्ही नव्या घराचे फोटो पाठवलेत आणि तिचं उत्तर आलं, 'के पाद्रे!' शब्दकोश सांगतो, 'पाद्रे' म्हणजे वडील. पण फोटोत वडील कुठेच नाहीत. ती म्हणतेय, 'काय भारी घर आहे!'

असा शब्द भेटला की आपण वहीत अर्थांची यादी करतो: वडील, धर्मगुरू, मस्त. ती पाठही होते. पण समोरचा माणूस भरभर बोलत असताना यादी चाळायला वेळ नसतो. अर्थ ओळखायची खूण शेजारच्या शब्दांत असते, म्हणून शिकायचं ते शेजाऱ्यांसकट. त्याची रीत 'पाद्रे'वरच पाहू.

१. आधी मराठीतला सोबती शोधा

'डोकं भारी झालंय', 'भारी साडी', 'भारी सिनेमा'. तिन्हींतला 'भारी' वेगळा आहे आणि आपण कधीच गोंधळत नाही. 'काय बाप गायला!' असं म्हणताना तर वडिलांचा शब्द आपण थेट कौतुकाला वापरतो. मेक्सिकोतल्या लोकांनी नेमकं हेच केलंय. हा दुवा एकदा मनात बसला की 'पाद्रे'चा बोलीतला अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही.

धर्मगुरूचा अर्थ तर आपल्या घरातलाच. मराठीतला 'पाद्री' पोर्तुगीजांकडून आला, पाव आणि चावीसारखाच. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्ही 'पाद्रे' लॅटिनमधून आले, आणि तो लॅटिन शब्द संस्कृत 'पितृ'चा भाऊबंद.

२. मूळ अर्थ घट्ट करा

'मी पाद्रे' म्हणजे माझे वडील (इथला 'मी' म्हणजे 'माझा'). अनेकवचनात 'मिस पाद्रेस' म्हटलं की आईवडील दोघंही आले. मेक्सिकोत घरगुती बोलण्यात मात्र 'मी पापा', 'मिस पापास' जास्त ऐकू येतं.

दोन्ही जुने अर्थ लक्षात ठेवायला मला मिगेल इदाल्गो यांचं उदाहरण फार आवडतं. १६ सप्टेंबर १८१० रोजी दोलोरेस गावात त्यांनी स्पेनच्या सत्तेविरुद्ध लोकांना हाक दिली. ते त्या गावचे पाद्री होते, म्हणजे पाद्रे, आणि मेक्सिको आज त्यांना 'पाद्रे दे ला पात्रिया', म्हणजे देशाचे पिता, म्हणतो.

३. शेजारी ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

'एस पाद्रे दे दोस इखास': तो दोन मुलींचा बाप आहे. 'एल पाद्रे मिगेल': पाद्री मिगेल. 'पाद्रे'च्या लगेच आधी 'एल' (तो) किंवा 'उन' (एक) असेल तर बहुधा माणसाबद्दलच बोलणं चाललंय. 'ला फिएस्ता एस्ता पाद्रे' म्हणजे मात्र पार्टी मस्त चाललीय.

पक्की कसोटी हवी तर 'मुय', म्हणजे 'खूप', पाहा. कुणी 'खूप वडील' नसतो. त्यामुळे 'मुय पाद्रे' कानावर पडलं की अर्थ एकच: खूप छान.

या अर्थी 'पाद्रे' विशेषण होतो, पण लिंगाप्रमाणे बदलत नाही. 'फिएस्ता' स्त्रीलिंगी असली तरी 'उना फिएस्ता पाद्रे' असंच म्हणतात. अनेकवचनात 'फिएस्तास पाद्रेस' होतं. 'फारच भारी' म्हणायचं झालं की लिंग परत येतं: पुल्लिंगी 'पाद्रीसिमो', स्त्रीलिंगी 'पाद्रीसिमा'. जोर दोन्हीकडे 'री'वर.

लिहिलेला मजकूर वाचताना विरामचिन्हं बघा. उद्गारचिन्हांत 'के पाद्रे' असेल तर कौतुक, प्रश्नचिन्हांत असेल तर 'कोणते पाद्री?' स्पॅनिशमध्ये ही चिन्हं वाक्याच्या सुरुवातीलाही उलटी लावतात, त्यामुळे अंदाज आधीच येतो.

४. शब्दाचा पत्ता लिहून ठेवा

स्लँगला गाव असतं. 'छान' या अर्थाचा 'पाद्रे' मेक्सिकोचा. स्पेनमध्ये 'उन सुस्तो पाद्रे' म्हटलं तर भलीमोठी भीती, म्हणजे तिथे तो चांगलेपणा नाही, आकार सांगतो. छानसाठी स्पेनमध्ये 'गुआय' चालतो, कोलंबियात 'बाकानो'. वडिलांचा दिवससुद्धा देशागणिक बदलतो: स्पेनमध्ये १९ मार्चला, मेक्सिकोत जूनच्या तिसऱ्या रविवारी.

रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. अर्थाआधी 'मेक्स.' किंवा 'कोलोक.' अशी संक्षिप्त खूण असते: पहिली मेक्सिकोची, दुसरी बोलीभाषेची. बरेच जण ती न वाचता पुढे जातात. तुम्ही आधी तीच वाचा. एल कोलेखिओ दे मेखिको या संस्थेचा खास मेक्सिकन स्पॅनिशचा शब्दकोशही असाच खुला आहे.

५. कुणासमोर चालेल ते विचारा

'के पाद्रे' अनौपचारिक आहे, पण घाण नाही. मैत्रिणीच्या आजीसमोर खुशाल म्हणा, नोकरीच्या अर्जात लिहू नका. 'चीदो'चा अर्थही तोच, पण तो जास्त रस्त्यावरचा.

'माद्रे', म्हणजे आई, या शब्दाबाबत मात्र खरंच जपा. 'पाद्रे' चांगला, म्हणून 'माद्रे'ही चांगला, असं समजू नका. 'मे वाले माद्रे' म्हणजे 'मला काही फरक पडत नाही', पण अगदी उद्धटपणे. 'दे पोका माद्रे' हे कौतुक, तर 'के पोका माद्रे' हा संताप. हे कानाला ओळखू आलं तरी पुरे, तोंडात घेऊ नका. आईवरून बोललेलं कुठे चालतं नि कुठे झोंबतं, हे मराठीतही परक्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं.

६. मोठ्याने म्हणा

इंग्रजीच्या सवयीने 'पाड्रे' होतं, ते टाळा. 'द' मऊ ठेवा, जीभ दातांना जेमतेम लागू द्या. आपला 'प' जसाच्या तसा चालतो. मग रोजच्या आयुष्यातली पाच वाक्यं करा. दुसऱ्या दिवशी त्यांतला 'पाद्रे' झाकून वाचा. उरलेल्या शब्दांवरून अर्थ ओळखता आला, तर शब्द मुरला.

आता मैत्रिणीला उत्तर पाठवा. घर म्हणजे 'कासा', स्त्रीलिंगी. म्हणून: 'ग्रासियास! एस्ता चिकिता, पेरो पाद्रीसिमा.' लहानसंच आहे, पण फार भारी आहे.