लायब्ररीतील छोटा बग: कळवण्यापासून दुरुस्तीपर्यंत

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एखाद्या लायब्ररीत, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचात, बग (चूक) आढळला की आपल्या कोडमध्ये तात्पुरती पळवाट काढून पुढे जाण्याकडे बहुतेकांचा कल असतो. तो बग मुळातच दुरुस्त करणे मात्र वाटते तितके अवघड नाही. समजा, प्रमाणवेळेतील फरक मिनिटांत घेऊन तो तास-मिनिटांत लिहून देणारे एक फंक्शन आहे. मुंबईसाठी ३३० दिले की ते ‘+०५:३०’ देते आणि न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातील वेळेसाठी −३०० दिले तरी ‘−०५:००’ हे बरोबर उत्तर येते. परंतु कॅनडातील न्यूफाउंडलंडसाठी −२१० दिले की ‘−०३:३०’ ऐवजी ‘−०४:३०’ मिळते. अंधेरीत किंवा पवईत बसून आपल्याच वेळेवर चाचण्या घेणाऱ्याला हा बग दिसणारच नाही, कारण आपला अर्धा तास ग्रिनिचच्या पुढे आहे, मागे नाही.

कळवण्यापूर्वी कारण शोधावे. पायथनमधील ‘//’ हा भागाकार उत्तर नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेतो, त्यामुळे −२१० ला ६० ने भागल्यावर −४ आणि बाकी ३० येते. सी किंवा जावामध्ये हाच भागाकार शून्याकडे वळतो आणि −३ व −३० देतो. पायथनचे गणित चुकलेले नाही, उणे चार तासांत तीस मिनिटे मिळवली की उणे साडेतीनच होतात. चूक आहे ती हे दोन आकडे तसेच शेजारी छापण्यात.

त्यानंतर नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (बाकीच्या पायथनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) लायब्ररीची ताजी आवृत्ती बसवून बग अजून आहे का, हे पाहावे आणि रिपॉझिटरीतील (लायब्ररीचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या जागेतील) उघडे व बंद असे दोन्ही प्रकारचे इश्यू, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, शोधावेत. नवा इश्यू लिहिताना तीन-चार ओळींचे चालणारे उदाहरण, अपेक्षित उत्तर, मिळालेले उत्तर आणि पायथन, लायब्ररी व ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या आवृत्त्या द्याव्यात. कोडचा स्क्रीनशॉट देऊ नये; तो कोणालाही कॉपी करून चालवता येत नाही. क्लायंटचा डेटा उदाहरणात चुकूनही ठेवू नये. बग सुरक्षेशी संबंधित असेल, तर तो उघड इश्यूत न लिहिता प्रकल्पाने त्यासाठी दिलेल्या खासगी मार्गाने कळवावा.

दुरुस्तीसाठी रिपॉझिटरी फोर्क करून (तिची स्वतःची प्रत काढून) वेगळी ब्रँच, म्हणजे बदलांसाठी स्वतंत्र शाखा, काढावी आणि सर्वप्रथम टेस्ट लिहून ती नापास होताना पाहावी, कारण जी टेस्ट जुन्या कोडवरही पास होते तिने काहीच सिद्ध होत नाही. दुरुस्ती दोन ओळींची आहे: चिन्ह आधी बाजूला काढावे, निरपेक्ष मूल्याला ६० ने भागावे आणि चिन्ह शेवटी जोडावे. चिन्ह तासांवरून ठरवण्याचा मोह टाळावा; −३० मिनिटांत तास शून्य असल्याने उणे चिन्ह हरवते. ही निव्वळ कल्पनेतली शक्यता नव्हे, लायबेरियाची घड्याळे १९७२ पर्यंत ग्रिनिचच्या पाऊण तासाहून थोडी कमी मागे होती. म्हणून टेस्टमध्ये ३३०, −३००, −२१०, −३० आणि ० हे सर्व आकडे असावेत.

पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत, एवढाच बदल ठेवावा. वाटेत दिसलेले मोकळे स्पेस आणि न आवडलेली नावे सुधारत बसल्यास तपासणाऱ्याला मूळ बदल शोधावा लागतो, आणि बहुतेक मेंटेनर (लायब्ररी सांभाळणारे) हे काम फावल्या वेळात करतात. वर्णनात इश्यूचा क्रमांक नोंदवावा. नोकरदारांनी आधी कंपनीची परवानगी घ्यावी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क कंपनीचा असतो.

बदल स्वीकारला गेला तरी नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यास वेळ लागू शकतो. तोवर प्रकल्पाच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) ब्रँचचे नाव न देता नेमक्या कमिटचा (नोंदवलेल्या एका बदलाचा) संदर्भ द्यावा आणि ती ओळ कधी काढायची, हे शेजारी टिपेत लिहून ठेवावे.