जुन्या ट्रकची टॅपेट सेटिंग

जुन्या डिझेल इंजिनाच्या हेड कव्हरखालून येणारी बारीक, एकसारखी टकटक बहुतेक वेळा टॅपेटची असते, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर (छोटी तरफ) आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या फटीची. व्हॉल्व्ह चालवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ही टकटक इंजिनाच्या इतर ठोक्यांपेक्षा संथ वाटते. खात्री करायची असेल तर कव्हर काढून स्लो रनिंगवर एकेका रॉकरखाली फीलर गेजचे (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाचे) पाते सरकवा. ज्याच्याखाली पाते जाताच आवाज दबतो, त्याची गॅप, म्हणजे ही फट, वाढलेली आहे. तेल उडते, आणि सैल बाही किंवा गमछा तिथे अजिबात नको.

किती गॅप ठेवायची हे इंजिनावरच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असते. अंदाजाने ठेवू नका. उदाहरणार्थ, कमिन्सच्या जुन्या १२ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर इंजिनाला थंड असताना इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी लागते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली ठोकळे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. हेड बोल्ट कसायचे असतील तर ते आधी कसा, कारण हेड बसले की गॅप बदलते.

आता इंजिन हाताने, चालते त्याच दिशेने फिरवा. सहा सिलिंडर आणि फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असेल तर एकाच वेळी वर येणाऱ्या पिस्टनच्या जोड्या १-६, ५-२ आणि ३-४ अशा पडतात. सहाव्याचा एक्झॉस्ट मिटत आला आणि त्याच क्षणी इनलेट उघडू लागला (यालाच व्हॉल्व्ह झुलणे म्हणतात), की पहिल्याचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात. ते सेट करा. मग क्रँक १२० अंश फिरवला की दुसऱ्याचे व्हॉल्व्ह झुलतील, तेव्हा पाचवा. याच क्रमाने पुढे चौथा झुलताना तिसरा, पहिला झुलताना सहावा, पाचवा झुलताना दुसरा आणि तिसरा झुलताना चौथा. झालेल्या रॉकरवर खडूची खूण करत जा.

लॉक नट रिंग पान्याने सैल करा, पाते रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्ये घाला आणि स्क्रू फिरवा. स्क्रू आत गेला की गॅप कमी होते. पाते ओढताना किंचित अडखळले पाहिजे, अडकायला नको. स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू धरूनच नट कसा, आणि नंतर पुन्हा मोजा. नट कसताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, आणि सेटिंग चुकण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच. वरच्या उदाहरणातल्या इनलेटला ०.२५ चे पाते जाते, ०.३० चे जात नाही, असे असेल तर काम बरोबर.

आवाज पूर्ण बंद करायच्या नादात गॅप कमी ठेवू नका. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते, आणि सीटला (हेडमधल्या, व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो त्या कड्याला) टेकून थंड होणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेने जळतो. या इंजिनांची थोडी टकटक निरोगीच असते.

गॅप बरोबर असूनही टॅपेट वाजत असेल तर रॉकरचे टोक पाहा. तिथे खड्डा पडला असेल तर सपाट पाते खड्ड्यावर पुलासारखे बसते आणि खरी गॅप मोजलेल्यापेक्षा जास्त असते. टोक घासून सरळ करा किंवा रॉकर बदला. पुश रॉड (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी काठी) काचेवर लोळवून वाकलेला नाही ना ते तपासा. एकाच व्हॉल्व्हची गॅप पुन्हा पुन्हा वाढत असेल तर कॅम किंवा त्याचा फॉलोअर (कॅमवर टेकून वर-खाली होणारा भाग) झिजतोय.

उलट, एखाद्या एक्झॉस्टची गॅप दर वेळी कमी भरत असेल तर सीट खाली बसतेय. तो टॅपेट आवाज करत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह बघा.